सरांनी पाठवलंय

१

गुन्हेगार कबूल झाला होता, शिक्षाही भोगत होता. फक्त त्याने नेमकं केलं काय, ते कोणाला सापडत नव्हतं. असलं प्रकरण आमच्याकडे पहिल्यांदाच आलं. ते आलं नसतं तर बरं झालं असतं, असं मला अजूनही वाटतं.

आमच्याकडे म्हणजे मुक्ताबाईंकडे. बाई पूर्वी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायच्या. आता नवी पेठेत भांड्यांच्या दुकानावरच्या खोलीत बसून लोकांच्या वेबसाइटींचे घोळ निस्तरतात. कोणाची साइट पळवली, कोणी दुसऱ्याच्या नावाने दुकान थाटलं, अशी कामं. मी अभिमन्यू, त्यांचा सहकारी. बाईंना माणसांशी गोड बोलता येत नाही, म्हणून ते खातं माझ्याकडे आहे.

रमजानचे दिवस होते. रुक्सानाबी जिना चढून आल्या तेव्हा त्यांना धाप लागली होती. मी सवयीने चहा विचारला आणि जीभ चावली. त्यांचा रोजा होता.

त्यांचे यजमान इसूफभाई पेठेतले जुने चादरवाले. इंटरनेटवर 'सोलापुरी चादर' असं शोधलं की कित्येक वर्षं सगळ्यात वर त्यांचंच दुकान यायचं. यंदा जानेवारीतली सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा उठली आणि थोड्याच दिवसांत ते दुकान तिसऱ्या पानावर जाऊन पडलं. तिथे कोणी बघायला जात नाही. बाहेरगावच्या ऑर्डरी जवळजवळ बंदच झाल्या.

"यांनी ताबीशला इचारलं," रुक्सानाबी सांगू लागल्या. "ताबीश म्हणजे आमचा पुतण्या. आई-बाप लहानपणीच गेले, आमीच वाढवला. आमाला दुसरं लेकरू न्हाई. साइटचं सगळं तोच बघायचा. तर पोरगं खाली मान घालून म्हणालं, 'व्हय चाचा, माझ्याच हातानं झालं.' पुढं एक अक्षर न्हाई. यांनी त्याला त्याच पावली घराबाहेर काढलं."

ताबीश आता कुर्डुवाडीला मामाकडे होता. मस्कतच्या एका हॉटेलात त्याला नोकरी मिळाली होती आणि ईदच्या आधीच त्याचं विमान होतं.

"त्याने ते केलं नाही असं तुमचं म्हणणं आहे का?" बाईंनी सरळ विचारलं.

"केलं न्हाई असं मी म्हणत न्हाई. आमचं वाईट व्हावं म्हणून केलं न्हाई, एवढं मात्र म्हणते. बाई, तो एकदा गेला की परत यायचा न्हाई. मी वळखते त्याला. तो जायच्या आत काय ते शोधा. मग यांना जे करायचं ते करू द्या."

त्या गेल्यावर बाई दुपारभर दुकानाच्या साइटमध्ये डोकं घालून बसल्या. शेवटी चष्मा काढून म्हणाल्या, "अभिमन्यू, पोरगा कबूल झालाय खरा. पण या साइटला कोणी बोटसुद्धा लावलेलं नाही."

२

दुकानाकडे जाताना बाईंनी मला शिकवणी दिली. त्यांची ती खोडच आहे.

"समज, पेठेत नवखा माणूस आला आणि त्याने विचारलं, चादर कुठे घेऊ. दुकानदार स्वतः ओरडतोय त्याला तो किती किंमत देईल? दुसऱ्या कोणी नाव घेतलं तर देईल. पण तेही नाव घेणारा कोण यावर. पैसे घेऊन ओरडणाऱ्याचं कोणी ऐकत नाही. ज्याच्या शब्दावर चारचौघे विसंबतात, त्याने नाव घेतलं तर माणूस सरळ चालत जातो. सर्च इंजिन हेच बघतं. एका साइटवरून दुसरीला जोडलेली लिंक म्हणजे घेतलेलं नाव. कोणी कोणाचं नाव घेतलं आणि नाव घेणाऱ्याचं स्वतःचं नाव कोण कोण घेतं, यावर ते कोणाला वर ठेवायचं ते ठरवतं."

"म्हणजे दुकानाला हात न लावता दुकान पाडता येतं?"

"नाव घेणारा गप्प झाला की पडतं. किंवा भलतेच लोक नाव घ्यायला लागले तरी."

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. समोर 'अस्सल हातमाग' अशी मोठी पाटी होती. काउंटरशेजारी गादी घातलेली एक लाकडी खुर्ची रिकामी होती. मी टेकणार तोच इसूफभाईंनी प्लास्टिकचं स्टूल पुढे सरकवलं. "ती नको. हे घ्या."

माणूस साठीचा, दाढी पांढरी, आवाज मात्र पेठेला पुरून उरेल असा. "पोरगं कबूल झालंय," ते म्हणाले. "आता काय उकरून काढता? त्या समोरच्या उदयसिंहनं फितवलं असणार त्याला. आता वर कुणाचं दुकान दिसतंय बघा की."

"इंटरनेटवर तुमचं नाव कोण कोण घेतं?"

"त्यातलं मला काय कळतंय? ते ताबीशला म्हाईत."

बाईंनी पुढ्यातली एक चादर उचलली, मोरांच्या नक्षीची. "ही हातमागाची?"

"व्हय की," इसूफभाई म्हणाले. जरा घाईनेच म्हणाले, आणि म्हणताना त्यांची नजर त्या रिकाम्या खुर्चीकडे गेली. मी ते पाहिलं, पण बाईंनी पाहिलं की नाही ते मला तेव्हा कळलं नाही.

खोलीवर परतल्यावर बाईंनी इसूफभाईंचं नाव घेणाऱ्या साइटी धुंडाळल्या. रांगच लागली. शेकडो साइटी त्यांच्या दुकानाकडे बोट दाखवत होत्या आणि त्यातली एकही चादरींची नव्हती. जुगार, वजन घटवायच्या गोळ्या, बनावट घड्याळं. एवढा चिखल कोणीतरी मुद्दाम आणून ओतला होता.

३

चिखल ओतणारी लगेच सापडली. सात रस्त्याला वैष्णवी नावाच्या मुलीचं जाहिरातीचं ऑफिस होतं. मी जरा आढेवेढे घेत बोलायला सुरुवात केली, पण तिने मला पुढे बोलूच दिलं नाही.

"त्या लिंक मीच टाकल्या, सर. इसूफचाचांनीच सांगितलं होतं."

"कधी?" बाईंनी विचारलं.

"साइट खाली गेल्यावर. फार घाबरलेले होते. रोज फोन करायचे, काहीतरी कर म्हणून. मी स्वस्तातलं पॅकेज दिलं. त्याने साइट अजून खाली गेली." ती टेबलावरचा कागद उगीच दुमडत राहिली. "असल्या लिंकना आता काही किंमत राहिली नाही, हे मला माहीत होतं, मॅडम. मी त्यांना तेव्हाच सांगायला हवं होतं."

बाहेर आल्यावर बाई म्हणाल्या, "औषध चुकलं खरं, पण आजार त्याच्या आधीचा आहे."

मग उदयसिंह. इसूफभाईंच्या बरोब्बर समोर दुकान, आणि आता इंटरनेटवर पहिला नंबर. मला तर तोच हवा होता. पण बाईंनी त्याची साइट आधीच तपासली होती आणि तिथे काहीच बदललं नव्हतं. जेवढी माणसं पूर्वी त्याचं नाव घेत होती, तेवढीच आजही घेत होती.

"मी कुटं वर चढलोय, मॅडम?" उदयसिंह म्हणाला. "मी हाय तितंच हाय. माझ्या डोक्यावरचं दुकान खाली उतरलं, म्हणून मी दिसाय लागलो." त्याने आमच्यासाठी चहा सांगितला आणि थोडा वेळ रस्त्यापलीकडे बघत राहिला. "खरं सांगू का? मला करमंना झालंय. पूर्वी लांबलांबची माणसं यायची. धारवाडची, अहमदाबादची, एकदा तर जपानची बाई आली. चुकून माझ्या दुकानात शिरायची न् इचारायची, इसूफभाई कुटं? सरांनी पाठवलंय. मीच हात करून दाखवायचो. लई राग यायचा तवा. आता कोणच येत न्हाई."

"कोण सर?"

उदयसिंहने पुन्हा पलीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "सांगतो. पण त्या दुकानात त्यांचं नाव काढू नका."

४

सर म्हणजे मडिवाळप्पा सर. मूळचे अक्कलकोटकडचे, घरात कानडी, शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. एकटे राहायचे. सायकल घेऊन गल्लोगल्ली मागांवर जायचे, चादरींवरच्या नक्ष्या उतरवून घ्यायचे आणि त्या आपल्या साइटवर मांडायचे. कोणता मोर कोणाच्या मागावर जन्मला, कोणता रंग कोणी पहिल्यांदा वापरला, सगळं. साइटवर एक जाहिरात नाही. देशातली कापडाची कॉलेजं आणि परदेशातली संग्रहालयं विद्यार्थ्यांना सांगायची, सोलापूरचं बघायचं असेल तर या माणसाचं वाचा. संध्याकाळी मात्र सर ठरलेले. इसूफभाईंचं दुकान आणि ती लाकडी खुर्ची.

"दिवाळीच्या आधीची दुपार," उदयसिंह सांगत होता. "पुण्याचं गिऱ्हाईक आलेलं. इसूफभाईनं चादर टाकली, हातमागाची म्हणून. गिऱ्हाईकानं खुर्चीतल्या सरांनाच इचारलं, काका, खरंच हातमागाची का हो? सरांनी आपलं कापरं बोट काठावरनं फिरवलं न् म्हणाले, न्हाई. पावरलूमची हाय. माल चांगला हाय, पण हातानं इतका सरळ काठ येत न्हाई."

"मग?"

"गिऱ्हाईक उठून गेलं. इसूफभाईचा आवाज रस्त्यापातुर आला. 'माझ्या दुकानाचं नाव परत तुमच्या तोंडात नको.' सर उठले, चप्पल घातली न् गेले. परत पेठेत दिसले न्हाईत. गड्ड्याच्या तोंडावर वारले."

"इसूफभाई मातीला गेले होते?"

"न्हाई. पण त्या दिवशी शटर अर्धं खाली होतं."

हे ऐकून मला वाईट वाटलं, पण त्यात गुन्हा दिसेना. 'माझं नाव घेऊ नको' असं पेठेत रोज कोणीतरी कोणालातरी सुनावतं आणि संध्याकाळी दोघं एकाच टपरीवर चहा पितात. त्या वाक्याला आमच्याकडे शिंकेइतकीही किंमत नाही.

बाईंनी खोलीवर येऊन सरांची साइट उघडली. ती अजून चालू होती. सोलापुरातला एकेक माग, एकेक दुकान तिथे पत्त्यासकट होतं. उदयसिंहचंही होतं. इसूफभाईंचं नव्हतं.

"ज्या दुकानात माणूस रोज बसायचा, तेवढंच राहून गेलं?" मी म्हणालो.

"राहून गेलं नाही. हे वाच." बाईंनी पडद्यावर बोट ठेवलं. मोराची तीच नक्षी होती, आणि खाली लिहिलं होतं, 'हा मोर माझ्या एका मित्राच्या वडिलांच्या मागावर प्रथम विणला गेला.' पुढच्या पानावर वेलबुट्टी. 'ही बुट्टी मला एका मित्राने दाखवली.' त्याच्या पुढे, 'याचे रंग समजावून सांगितले ते एका मित्राने.'

बाकी सगळ्यांना नाव होतं. एवढा एकच जण पानोपानी नुसता 'मित्र' होता.

बाईंनी आणखी दोन पानं चाळली. मग म्हणाल्या, "सरांचा हात शेवटी शेवटी कापत असेल, नाही? मग हे टाइप कोणी केलं?"

५

कुर्डुवाडीला रेल्वेच्या वर्कशॉपमागे मामाचं घर होतं. ताबीशची बॅग भरून भिंतीला लावून ठेवलेली होती. पोरगा पंचविशीतला, डोळे खोल गेलेले.

"चाचीनं पाठवलं असंल तर तिला सांगा, मी बरा हाय," तो म्हणाला. "दुसरं मला काय बोलायचं न्हाई."

"तुला बोलायचं कामच नाही," बाई म्हणाल्या. मी डोळ्यांनी खुणावत होतो की जरा हळू, पण त्यांचं चालूच. "चाचांनी सरांना सांगितलं, माझं नाव तोंडात नको. सरांनी ते खरं धरलं. साइटवर जिथे जिथे नाव होतं तिथून काढायचं ठरवलं. त्यांना ते स्वतःला जमेना, म्हणून तुला बोलावलं. ते सांगत गेले, तू टाइप करत गेलास. दुकानाचं नाव घेणारी एकच भारी साइट होती, ती गप्प झाली. पण सरांची जुनी पानं वर्षानुवर्षं बदललेली नव्हती, त्यामुळे सर्च इंजिन तिथे क्वचित फिरकायचं. त्याला कळायला वेळ लागला. दुकान पडलं तोवर भांडण जुनं झालं होतं आणि सरही गेले होते. म्हणून कोणाला दोन्हीचा संबंध लागला नाही. बरोबर?"

ताबीश भिंतीला टेकून खाली बसला आणि लहान मुलासारखा रडायला लागला. मामीने आतून पाणी आणलं, मग रोजा आहे हे आठवून तांब्या तसाच परत नेला.

"मी सरांना लई सांगितलं," तो सावरल्यावर म्हणाला. "म्हणलं, सर, चाचा रागात बोलले, ते इसरले पण असतील. सर म्हणाले, 'तो इसरला असंल, मी ऐकलंय ना. दुसऱ्याच्या नावावर आपला हक्क नसतो, ताबीश. नको म्हणाला, की नको.' मग नाव काढायचं तर काय लिहायचं, यात त्यांचा सगळा वेळ गेला. दुसऱ्या दुकानाचं नाव घाला म्हणलं तर चिडले. म्हणाले, 'खोटं कसं लिहू?' मग म्हणाले, 'मित्र लिही. ते त्यानं नको म्हणलेलं न्हाई.'"

"नाव काढलं की दुकान पडणार, हे सरांना ठाऊक होतं?" मी विचारलं.

"न्हाई. त्यांना त्यातलं काय म्हाईत नव्हतं. मला म्हाईत होतं. तरी केलं. ते समोर बसलेले, हात कापतोय, त्यांना न्हाई कसं म्हणायचं?"

"आणि चाचांना का नाही सांगितलंस?"

त्याने आमच्याकडे असं पाहिलं, जणू हा काय प्रश्न झाला. "काय सांगू? की तुमच्याच शब्दानं झालं? सर मातीत गेलेले. चाचा तिकडं गेले पण न्हाईत. आता कळलं की सरांनी मरोस्तर त्यांचा शब्द पाळला, तर ते जगतील का? त्यापरीस मी वाईट झालेला बरा. मी जाणारच हाय." मग त्याने हात जोडले. "त्यांना सांगू नका. तुमच्या पाया पडतो."

परतीच्या गाडीत माढा गेलं, मोहोळ गेलं. शेवटी मीच म्हणालो, "सांगू नये बाई. पोरगा बरोबर बोलतोय."

"मग तो मस्कतला जाईल."

"आणि सांगितलं तर म्हातारा मोडेल."

बाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "खरं बोलणारा एक माणूस त्या दुकानातून उठून गेला. आता आपणही गप्प बसायचं का?"

६

इफ्तारीला थोडा वेळ होता. इसूफभाईंनी काउंटरवर खजूर काढून ठेवला होता. रुक्सानाबी आल्या होत्या, आत पडद्याशी उभ्या होत्या.

बाईंनी सगळं सांगितलं, मधे न थांबता. मग फोनवर सरांची साइट उघडून काउंटरवर ठेवली. इसूफभाईंनी चष्मा लावला. मोराचं पान वाचलं. पुढचं वाचलं. त्याच्या पुढचं वाचताना त्यांचे ओठ हलायला लागले.

अजान झाली. रुक्सानाबींनी खजूर उचलून त्यांच्या हातात ठेवला. तो तसाच हातात राहिला.

"मी रोज वाट बघत होतो," इसूफभाई म्हणाले. त्यांचा तो मोठा आवाज कुठे गेला होता कोण जाणे. "मला वाटलं, दोन दिवस फुगतील न् येतील. खुर्ची हलवली न्हाई मी. आले असते तर चहाच मागवणार होतो. माफी मागितली असती का, ते म्हाईत न्हाई. पण चहा मागवला असता." थोड्या वेळाने म्हणाले, "खरंच पावरलूमची होती ती चादर."

हे ते आम्हाला सांगत नव्हते. ते खुर्चीकडे बघून बोलत होते. मला तिथे उभं राहवेना. आपण आलो नसतो तर, हा विचार तेव्हा मनात आला तो अजून गेलेला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने ते स्वतः कुर्डुवाडीला गेले. तिथे काय बोलणं झालं ते कोणी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. मस्कतचं विमान ताबीशशिवाय गेलं.

ईद झाल्यावर रुक्सानाबींनी आम्हाला शीरखुर्म्याला बोलावलं, दुकानातच. पाटी उतरवलेली होती. चादरींचे दोन गठ्ठे केले होते, एकावर हातमाग आणि एकावर पावरलूम असं इसूफभाईंच्या हातचं लिहिलेलं. हातमागाचा गठ्ठा अगदीच लहान होता. इंटरनेटवर दुकान अजून तिसऱ्या पानावरच होतं.

ताबीश कॉम्प्युटरपाशी बसला होता. सरांची साइट आजही तोच चालू ठेवतो. सरांनी जाताना साइटच्या किल्ल्या, म्हणजे पासवर्ड, त्याच्याकडेच दिल्या होत्या. रुक्सानाबी वाट्या भरता भरता सहज म्हणाल्या, "किल्ल्या तुझ्याचपाशी हायेत की रे. मग चाचांचं नाव घाल ना परत. आता यांची काय हरकत न्हाई."

ताबीशने बाईंकडे पाहिलं. "घातलं तर वर येईल का, मॅडम?"

"हळूहळू येईल," बाई म्हणाल्या. "त्या साइटवर अजून सगळे विश्वास ठेवतात."

इसूफभाई उठून त्याच्या मागे जाऊन उभे राहिले. ताबीशने मोराचं पान उघडलं होतं आणि एका शब्दाशी येऊन तो थांबला होता. बाहेर रिक्षावाले एकमेकांवर ओरडत होते.

"त्यांच्या तोंडात मी माझं नाव घालू?" इसूफभाई म्हणाले. "ते असते न् त्यांनी घातलं असतं, तर गोष्ट निराळी."

"चाचा, एकच शब्द बदलायचाय."

"व्हय. कुठला शब्द पुसून घालणार हायेस?"

ताबीशने पडद्याकडे पाहिलं आणि हात मागे घेतला.

"राहू दे," इसूफभाई म्हणाले. "तेच राहू दे."

मग त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि आपल्या साइटवर सरांचं नाव सगळ्यात वर लिहायला सांगितलं. ताबीश म्हणाला, त्याने आपला नंबर वर येणार नाही. इसूफभाई म्हणाले, माहीत आहे, लिही.